मावशींचा उपवास माझ्या गळ्यात

युद्ध सीमेवर होतं आणि आम्ही बारामतीत. तरी त्या आठवड्यात आमच्या केमोच्या खोलीतला प्रत्येक पेशंट सेनापती झाला होता. हाताला सलाईन, डोक्यावर केस नाहीत, आणि टीव्हीकडे बोट करून "आता हिकडनं घुसाय पायजे!" असले हुकूम. भवानीनगरच्या आबांचा जन्म साखर कारखान्यात गेलेला. हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजला तर ते पाळी सुटली म्हणून घरी जायला उठले. त्यांची सुई मी परत नीट केली आणि टीव्ही बंद केला. मी त्या खोलीतली सिस्टर. तिथं हुकूम फक्त माझा चालतो.

चालला नाही तो एका बाईंपुढं. कळंबच्या मावशी चौथ्या डोससाठी आल्या होत्या. गाठ बरीच लहान झालेली, डॉक्टर खूश. पण रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. किडनीवर ताण आला होता. हे औषध भरपूर पाणी पिणाऱ्यालाच देता येतं.

"मावशी, पाणी किती पिता?" मी विचारलं.

"न्हाय पीत."

मुलगा फौजेत, सीमेवर, आचारी म्हणून. चार दिवस त्याचा फोन बंद. त्याचा आवाज कानावर पडेपर्यंत दिवसा अन्नपाणी घ्यायचं नाही, असा मावशींचा उपवास. रात्री कपभर दूध. आणि हे सगळं मे महिन्यात! माझं डोकंच फिरलं. "पोरगं परत येईल आणि आई नसेल, चालेल का?" असं मी तोंडावर बोलले. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, ही माझी जुनी खोड.

डॉक्टरांनी तीन दिवसांची मुदत दिली. तोवर रिपोर्ट सुधारला नाही तर डोस पुढं ढकलायचा, आणि गाठ काही आपल्यासाठी थांबत नसते. मावशी मात्र ढिम्म.

"उपास मोडला आन् तितं त्याचं काय झालं, तर?" त्या म्हणाल्या.

याचं उत्तर नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात सापडायचं? मला आठवल्या सासूबाई. गुडघे धरल्यावर त्यांनी आपली एकादशी अशीच हातावर पाणी सोडून माझ्या गळ्यात घातली होती.

"मोडू नका, मला द्या," मी म्हटलं.

"घरच्याच माणसाला देत्यात."

"मग तीन महिने तुमच्या ओकारीला भांडं कोण धरतंय?"

 मावशींनी बाटली उघडली, माझ्या तळहातावर पाणी सोडलं आणि उरलेली बाटली घटाघटा रिकामी केली. "च्या बी चालत न्हाय हां," वर अशी तंबी.

खरं सांगते, माझ्या लेखी ही नुसती युक्ती होती. मावशी दाराबाहेर पडल्या की चहा मारायचा, असा बेत होता. पण दुपारी कँटीनमध्ये गरम वडा पुढं आला आणि हात काही उचलेना. देवाधर्माचं माझं फारसं नाही. तरी समजा मी खाल्लं आणि त्या न पाहिलेल्या पोराला काही झालं तर, हे डोक्यातून जाईना. वडा मैत्रिणीनं खाल्ला. सकाळी मावशींवर ओरडल्याची मला फार लाज वाटली.

तीन दिवस कसे काढले ते विचारू नका. घरी नवरा म्हणाला, "रोज अशीच गप्प राहत जा की."

चौथ्या दिवशी मावशींचा रिपोर्ट सुधारला आणि डोस सुरू झाला. औषध निम्मं गेलं असेल, तोच त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. "बोल रं माझ्या राजा," एवढंच त्या म्हणाल्या. सगळ्या सेनापतींनी माना वळवल्या. आबांनीसुद्धा.

पलीकडून तो भराभर बोलत होता. मावशींनी डोळे पुसले, मला दारात उभी पाहिलं आणि फोनवर म्हणाल्या, "थांब रं जरा."

मग माझ्याकडं वळून, "आदी तू पानी पी."

मी ग्लास भरला.  ज्या आवाजासाठी आठवडाभर जीव टांगला होता, त्याला तसाच थांबवून, शेवटचा घोट घशाखाली जाईपर्यंत मावशी माझ्याकडं बघत राहिल्या.