मॅडमनी न दुरुस्त केलेली चूक

मस्कतला निघालो त्या सकाळी गडबच्या थांब्यावर अर्धा गाव जमला होता. दोरीने आवळलेली बॅग, कपाळावर टिळा, डोळ्यांवर उसना गॉगल. विमान मुंबईहून होतं, पण आईला घेऊन मी आधी पेणला उतरलो. जाण्याआधी एक शुभकार्य उरकायचं होतं. बापाच्या जमिनीवरचा हक्क बहिणीने भावासाठी लिहून सोडायचा, भावाने तिला साडी घ्यायची. या हक्कसोडीबद्दल आमच्याकडे जो तोंड उघडेल तो घरभेदी.

बहीण सुलभा जोह्याहून आली, नखांत ओला शाडू घेऊन. सासरी ती गणपतीचे डोळे आखायची. दिवाळीला माहेरी आली की तिने पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारायचो, "किती दिवस हायस गो?" ती म्हणायची, "तू म्हणशील तितके." याला मी भावाबहिणीचं प्रेम समजत होतो.

दस्त नोंदणीच्या कचेरीच्या पायरीवर कुमुद मॅडम बसल्या होत्या. रोह्याच्या कॉलेजात त्यांनी मला राज्यशास्त्र शिकवलं, म्हणजे तसा प्रयत्न केला. माझ्या प्रत्येक पेपरावर त्यांचा लाल शेरा असे, 'प्रश्न पूर्ण वाचत नाहीस.' कॉलेजला सुट्टी लागली की त्या पेणला येऊन बसत आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बहिणीला विचारत, कागद कुणी वाचून दाखवला का? भाऊमंडळी त्यांना 'पायरीवरची बाई' म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं. आयुष्यात मी केलेलं एवढंच लेखन लोकप्रिय झालं.

मॅडमनी माझ्या हातातला कागद घेतला, सावकाश वाचला, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि परत दिला.

"मॅडम, हा आमच्या घरातला मामला हाय," मी म्हणालो.

"घर कुठलं तुझं? मस्कत?"

मग त्या सुलभाकडे वळल्या. "सही नाही केलीस तरी चालतं, बरं का."

आई मध्येच म्हणाली, "कर गो सही. नायतर माहेर तुटंल तुझं." सुलभाने सही केली. मी मोरपंखी साडी दिली आणि कृतार्थ होऊन विमानात बसलो.

मस्कतला एका खोलीत आम्ही सहा जण, शिफ्टप्रमाणे झोपायचो. नागोठण्याचे हसनभाई महिन्यापूर्वीचा पेपर मोठ्याने वाचून दाखवत. त्यात एकदा बातमी आली, मॅडम आमदार झाल्या आणि सभागृहात हक्कसोडीवर बोलल्या. मी हसून लोळलो. हसनभाई म्हणाले, "हसतोस काय? आमच्यात बहिणीचा हिस्सा लिवलेलाच हाय. आम्ही पण तो साडीतच उरकतो." मग आम्ही सहाही जण, कंपनीने आमचे पासपोर्ट कपाटात कोंडलेत हा केवढा अन्याय, यावर पहाटेच्या शिफ्टपर्यंत बोललो.

दरम्यान सुलभाचा नवरा वारला. ती गडबला आली, तिने पडवीत मूर्तींचं काम मांडलं आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं केलं. मीही मागे नव्हतो. माझ्या आवाजाच्या कॅसेटी पाठवत होतो.

आई गेल्यावर मी आलो तो घर विकायचं ठरवूनच. घर हायवेला लागून, हॉटेलवाला तयार. पडवीत डोळे न आखलेले गणपती रांगेने बसलेले. सुलभाला म्हणालो, महिन्याभरात जागा मोकळी कर.

"मी जाऊ कुठं, दादा?"

"सही तुझीच हाय ना?"

तिने शाडूचे हात धुतले आणि रोह्याची एसटी पकडली.

दोन दिवसांनी सुलभासोबत आमदारीणबाई गडबला आल्या, त्याही एसटीनेच. ज्यांनी त्यांना पाडायला रान उठवलं होतं ते पुढारी हार घेऊन धावले. मॅडमनी हार खुंटीला अडकवला आणि मला म्हणाल्या, "तो कागद आण. मोठ्याने वाच."

मी वाचला. शेतं, खाडीकाठचं खाजण, दोन आंबे.

"घर?"

घर नव्हतं. सातबारा समोर ठेवून मी यादी उतरवून दिली होती, आणि राहतं घर सातबाऱ्यावर नसून ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतं, हे राज्यशास्त्राच्या या पदवीधराला माहीत नव्हतं. घरातला अर्धा वाटा सुलभाने कधी सोडलाच नव्हता. तिच्या सहीशिवाय मला त्याचं एक कौलही विकता येणार नव्हतं.

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तीन वर्षं चुका दाखवल्या तुला. एकदा तरी सुधारलास?"

गावचे लोक हसले. सुलभा हसली नाही, ती पुन्हा ब्रश घेऊन बसली.

मी मोठ्या मनाने घर विकायचं रद्द केलं, असं गावात सांगतात. सांगणारा मीच.

तर गाववाल्यांनो, आणि मस्कतच्या खोलीत अजून कायमचा पत्ता म्हणून गावाचं नाव लिहिणाऱ्यांनो, आपण ज्याला आपलं घर म्हणतो ते आपल्यामागे कुणीतरी सारवत असतं, आणि तिचं नाव आपण कागदावरून खोडलेलं असतं. माझं वाचलं ते माझ्या अडाणीपणामुळे. दरवर्षी सुट्टीत मी पडवीच्या पायरीवर उभा राहतो. सुलभा गणपतीच्या डोळ्यावरची नजर न काढता विचारते, "किती दिवस हायस रे, दादा?"

बॅग हातातच असते. मी म्हणतो, "तू म्हणशील तितके."