पार्ट्सकाकांची खंडेनवमी

"काय बनवता तुम्ही?" या प्रश्नाला पार्ट्सकाकांचं उत्तर ठरलेलं होतं. "पार्ट्स." आणि ते सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. कोणी "कसले?" विचारलंच, तर "असतात बारीकसारीक" म्हणून ते त्याच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करायचे. आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी राहायला आलो तेव्हा मला वाटलं, सायकलचे असतील. पार्ट्सकाका हे नाव माझ्या मुलांनी ठेवलं आणि मग आम्ही मोठेही तेच म्हणू लागलो.

खरं काय ते त्यांच्या बायकोने, नीलिमाने सांगितलं, तेही सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, आजूबाजूला बघून. काका गावाबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात रायफलींच्या नळ्या बनवत. नेमबाजीच्या आणि शिकारीच्या रायफली, सगळं परवान्यातलं. तरी बँकेने खातं दुसरीकडे न्या म्हणून सांगितलं होतं, माल नेणाऱ्यांनी हात वर केले होते आणि विमा उतरवायला कोणी तयार नव्हतं. कारखान्याचा मालक यान, हा त्याच्या घराण्यातला तिसरा बंदूकवाला. तो काकांना म्हणायचा, "मला कोणी हाकलत नाही, फक्त बसायला खुर्ची देत नाही."

बंदुका मलाही आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण माणूस आवडायचा. कोणाची सायकल बिघडो, कोणाचा मिक्सर अडो, काका हजर. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी तेच उभं करत.

पुण्याकडे एका संरक्षण कारखान्याच्या वसाहतीत ते वाढले होते. "खंडेनवमीला कारखान्याचं फाटक घरच्यांसाठी उघडायचं, वहिनी. आम्ही पोरं नवे कपडे घालून बाबांचं मशीन बघायला जायचो. काय रुबाब असायचा बाबांचा!" हे मात्र ते चारचौघांत ऐकू जाईल असं सांगायचे. इथेही त्यांनी पूजा सोडली नाही. मशीनला हळदकुंकू, नीलिमाच्या बाल्कनीतल्या झेंडूची माळ आणि डच सहकाऱ्यांना पेढे. नारळ यान फोडायचा, हातोडीने.

गेल्या वर्षी काकांनी मशीनसमोर पाट मांडला, पाटावर तयार रायफल ठेवली, तिला फुलं वाहिली आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या कामाची पूजा." इतकी वर्षं पार्ट्स पार्ट्स म्हणून त्यांना वीट आला असावा. ग्रुपवर चिडीचूप. एरवी कोणाच्या भाकरीच्या फोटोलाही पन्नास जण हात जोडतात! आपण लिहितो ते सॉफ्टवेअर शेवटी कुठे वापरलं जातं, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलेलं नाही. पण त्या दिवशी सगळे सोवळ्यात होते.

कोणीतरी तो फोटो गावातल्या डच ग्रुपवर पाठवला. "आपल्या शेजारी बंदुकांची पूजा चालते," एवढंच लिहून. कोणी, ते कळलं नाही. माझा संशय आहे, आणि त्या घरी मी तेव्हापासून हळदीकुंकवाला जात नाही.

त्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकाशी लोक जमले. नीलिमा ऑफिसात अडकली होती, तिने घाबरून मला फोन केला, "जरा बघून ये गं." मी सायकल हाणत गेले. पोलिसांची गाडी उभी होती. आरडाओरडा नव्हता. लोक नुसते दाराकडे बघत उभे होते आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. पुढच्या रांगेत शाळेतली मुलं कापडी फलक धरून होती. फलकाचं एक टोक ईशाच्या हातात होतं. ईशा म्हणजे काकांची मुलगी. सतरा वर्षांची.

तेवढ्यात काका सायकल घेऊन बाहेर आले. त्यांनी ईशाला पाहिलं, तिने त्यांना. तिच्या मैत्रिणी "हा कोण?" अशा नजरेने त्यांच्याकडे बघत होत्या. आपण कोण हे या पोरींना ठाऊक नाही, हे काकांच्या लक्षात आलं असावं. ते तिच्या अगदी जवळून, अनोळखी माणसासारखे निघून गेले. मान वळवली नाही की पाऊल अडखळलं नाही.

"थांबला का नाहीत?" ईशाने घरी डचमध्ये विचारलं.

"तुला अडचण झाली असती, बाळा," काका मराठीत म्हणाले. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

हिवाळ्यात यानने कारखाना चेक प्रजासत्ताकात न्यायचं ठरवलं. "फोटो नसता तरी नेलाच असता," असं तो काकांना पुन्हा पुन्हा सांगत होता. काका जागा बघून आले ते हरखूनच. "महापौर फाटकापर्यंत आले, वहिनी! बँकवाला स्वतः भेटायला आला. टॅक्सीवाल्याने विचारलं, काय बनवता? मी सांगितलं, रायफलीच्या नळ्या. तर म्हणतो, माझ्या भाच्याला लावून घ्याल का?" नीलिमा ऐकत होती. आता तिची स्वतःची नोकरी होती, इथे राहण्याचा स्वतःचा परवाना होता. ती आणि ईशा इथेच राहणार, हे तिने स्पष्ट सांगितलं. तेव्हा काका म्हणाले, "ईशा थांबा म्हणाली तर थांबतो. इथे दुसरं काहीतरी बनवेन."

उत्तराची वाट बघण्यात आठवडा गेला. काका जेवेनासे झाले. रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा तिघं टेबलाशी बसली होती. मी परत फिरणार, तर नीलिमाने खुणेनं बस म्हटलं. ईशा सगळं डचमध्ये बोलते, पण त्या दिवशी मराठीत बोलली. "बाबा, तुम्ही जा." एवढंच. मग आपलं ताट उचलून आत गेली.

काका गेले. तिकडे त्यांच्या हाताखाली आता चार पोरं शिकतात. बेकरीवालाही नावाने हाक मारतो म्हणे. नीलिमाशी ते रोज बोलतात, मला अधूनमधून फोन करतात. परवा सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, तुम्ही होतात त्या दिवशी. ती जा म्हणाली, ते रागाने की मायेने?"

"मायेनेच हो!" मी म्हटलं.

खरं काय ते मला माहीत नाही. ईशा रोज माझ्या दारावरून शाळेत जाते. तिला विचारायची माझी छाती होत नाही.