मौर्य बुडाले ते साहेबांमुळे

आमच्या कलकत्त्याच्या गणेशोत्सवात पुढे खुर्च्या असत, मागे सतरंजी. खुर्च्या साहेबांना, सतरंजी कारकुनांना. हा नियम कोणी केला नव्हता, म्हणून मोडणारंही कोणी नव्हतं.

त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांचंच व्याख्यान होतं: मौर्य साम्राज्य का कोसळलं. हे गृहस्थ कचेरीत बाबांचे साहेब. मी कारकुनांच्या संपाची पत्रकं वाटतो म्हणून त्यांनी बाबांची बढती अडवली होती, तीही तोंडावर सांगून: आधी मुलाला आवरा. बाबा घरी मला एका शब्दानेही रागावले नाहीत. त्या अडवलेल्या बढतीचं उट्टं मला काढायचं होतं.

साहेब तासभर बोलले. अशोकाने तलवार म्यान केली, राज्य नरम पडलं, संपलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आजही काही पोरं कारकुनांच्या कानाला लागून देशाला अशीच वाळवी लावताहेत. खुर्च्या हसल्या.

आभार दरवर्षी कॉलेजातल्या एका मुलाने मानायचे आणि आरतीचा मान कोणाला, तेही त्यानेच पुकारायचं, ही आमची रीत. पुकारायचं नाव अर्थात दरवर्षी अध्यक्षांचंच. त्या वर्षी पाळी माझी होती.

मी तक्षशिलेची गोष्ट सांगितली. तिथे बंड झालं, राजपुत्र फौज घेऊन आला, तर लोक हात जोडून सामोरे गेले. आमचं भांडण राजाशी नाही म्हणाले, आम्हाला तुडवणाऱ्या त्याच्या अधिकाऱ्यांशी आहे.

"मौर्य तलवारीवाचून नाही बुडाले," मी म्हणालो, "साहेबांमुळे बुडाले. आरतीचा मान माझ्या वडिलांना."

बाबा सतरंजीवर खाली मान घालून बसले होते. ते उठले नसते तर साहेब जिंकलेच असते. पण ते उठले. धोतर सावरत खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले, आरती केली, आणि तबक सगळ्यांत आधी साहेबांपुढे धरलं. देवाच्या ज्योतीला नाही कसं म्हणणार? कारकुनाच्या हातातल्या तबकापुढे साहेब वाकले. मी डोळे भरून पाहिलं. आजही आठवलं की जेवण गोड लागतं.

बागबाजारला घरी परतताना ट्राममध्ये बाबा म्हणाले, "बढती आता विसरायची." ती पुढे मिळालीही नाही. मग म्हणाले, "आणि तू साहेबांचे आभार मानायला विसरलास."

"विसरलो नाही."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते.