आमचा माल्कम बसायचा तो दमून नव्हे

पॅजेट घराण्यात रग्बी लीगच्या पुढच्या फळीसाठी माणूस कमी पडला असं कधी झालं नाही. आजा खेळला, बाप खेळला, मी खेळलो, आणि मी कसा खेळायचो ते इंग्लंडात फेदरस्टोनच्या आसपास अजून कुणालाही विचारा. पण सगळ्यांत भारी आमचा माल्कम. माझा भाऊ, माझ्याहून बराच धाकटा. चेंडू छातीशी धरून डोकं खाली घालून घुसायचं कसं, ते त्याला मीच शिकवलं, म्हणजे निम्मं श्रेय माझं. पण ते राहू दे, आज त्याच्याबद्दल सांगायचंय.

मी तरुणपणीच बोटीत बसून सिडनीला आलो, विटांच्या कारखान्यात लागलो, इथल्याच नोएलीनशी लग्न केलं. माल्कम मागे राहिला. शाळा सुटली तसा खाणीत उतरला, आणि दर शनिवारी किंवा रविवारी चिखलात खेळला. बोलायचा कमी. लोक म्हणायचे, पॅजेटांकडची सगळी बोलणी थोरल्यानेच घेतली. घेतली तर घेतली. कुणीतरी बोलायला नको?

चौऱ्याऐंशी साली तिकडे खाणकामगारांचा संप झाला. वर्षभर चालला आणि मोडला. माल्कम शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर होता. कामगारांच्या हॉलमध्ये बायका मोठ्या भांड्यांत रस्सा शिजवायच्या, त्यावर त्याने तो सगळा हंगाम खेळून काढला. संप मोडल्यावर खाण बंद होणार असं बोलणं सुरू झालं. मी त्याला फोनवर म्हटलं, "तुमचा हंगाम संपला की इकडे ये. इथे तेव्हाच खेळ रंगात असतो. मी क्लबमध्ये बोलून ठेवलंय."

"काय बोललास?" त्याने विचारलं.

"खरं तेच. म्हटलं, यॉर्कशायरमध्ये तुझ्यासारखा गडी नाही."

"अर्नी, मग मला यायलाच नको."

पण आला. डोरीन, त्याची बायको, आणि लहानगी गेल तिकडेच राहिल्या. इथे जमलं, पुढच्या वर्षीचं पक्कं झालं, तर त्यांना घेऊन यायचं. हेच ठरलं होतं, दुसरं काही नाही.

पहिल्या संध्याकाळी जेवण झालं आणि माल्कम मागच्या ओसरीत जाऊन उकिडवा बसला. टाचा जमिनीला, गुडघे छातीशी, पाठ सैल सोडलेली, हातात चहाचा मग. नोएलीन दारातून बघून माझ्याकडे आली.

"अर्नी, आपल्याकडे खुर्च्या आहेत हे त्याला सांगितलंस का?"

"असू देत खुर्च्या."

आमच्या गावाकडे खाणीतली माणसं अशीच बसतात. बसची वाट बघताना, दारूच्या गुत्त्याबाहेर, लग्नात चर्चच्या भिंतीला लागून, ओळीने. कंबरेएवढ्या उंचीच्या कोळशाच्या थरात दिवस काढला की माणसाला उभं राहणं हेच काम वाटतं. त्यातून माल्कमच्या पाठीवर एकदा छताचा दगड आलेला. पाचदहा मिनिटं उभा राहिला की कंबर धरायची, आणि क्षणभर उकिडवा बसला की गडी पुन्हा नवा. मी स्वतः इतकी वर्षं सिडनीत राहून रोज संध्याकाळी तसाच बसतो. नोएलीनने मला बोलणं केव्हाच सोडलंय.

आमच्या क्लबचा कोच लाइल ब्रॅनिगन. खाटकाचं दुकान होतं त्याचं, आणि मान एवढी जाड की कॉलर लागायची नाही. खेळातलं कळायचं त्याला, ते नाकारत नाही. पण इंग्लंडच्या खेळाडूंबद्दल त्याचं मत पक्कं होतं. आम्हाला इथे पॉमी म्हणतात, आणि ते फार प्रेमाने म्हणत नाहीत.

"पॉमी पहिली वीस मिनिटं वाघ असतो," तो मला तोंडावर म्हणाला. "मग जमीन कडक लागते, ऊन लागतं, आणि कमरेवर हात येतात. मागे एक होता, मैदानात खालीच बसला. उचलून आणावा लागला."

"आमचा माल्कम तसला नाही," मी म्हटलं. "तुझी सगळी पुढची फळी दमून पडेल तेव्हा तो धावत असेल. मी सांगतो."

पहिला सामना आमच्याच मैदानावर होता. माल्कमच्या हातात पहिल्यांदा चेंडू आला तेव्हा त्याला अडवायला आलेले दोघं असे उडाले की उतारावर बसलेला सगळा जमाव "ओहो" म्हणून उठला. मी शेजाऱ्यांना म्हटलं, तो माझा भाऊ. सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हटलं.

मग समोरच्यांनी चेंडू आमच्या रेषेपलीकडे टेकवून ट्राय केला. आता जादा गुणांसाठी त्यांचा गडी खांबांमधून लाथ मारणार, त्यासाठी वाळूची बादली आली. तो निवांतपणे वाळूचा ढीग करतोय, थोपटतोय, वर चेंडू ठेवतोय. आमचे सगळे गोलच्या खांबांमागे उभे. आणि माल्कम, घरी ओसरीत बसावा तसा, खाली उकिडवा बसला.

उतारावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, पॉमीला लागली रे! कागद आणा कुणीतरी!"

सगळं मैदान हसलं. ब्रॅनिगन मात्र हसला नाही. खेळ सुरू व्हायच्या आत त्याने माल्कमला बाहेर बोलावलं आणि दुसऱ्याला आत पाठवलं.

मी कपडे बदलायच्या खोलीत घुसलो तेव्हा माल्कम विचारत होता, "मला का काढलं?"

"तू खाली बसला होतास."

"हो, बसलो होतो."

"मैदानात?"

"मी मैदानातच होतो, मग कुठे बसणार?"

"हे बघ पॉमी," ब्रॅनिगन म्हणाला, "माझा गडी मेला तरी उभा मरतो. समोरच्याला कळलं की हा दमलाय, की ते पुढची सगळी धाव ह्याच्याच अंगावर आणतात. पुन्हा बसलास की संपलं."

"मी दमलो नव्हतो."

"सगळे असंच म्हणतात."

तसं बघायला गेलं तर ब्रॅनिगनचंही चुकत नव्हतं. दमलेला गडी ओळखायचा, हेच त्याचं काम. पण तो सिडनीत वाढलेला, खाण त्याने फक्त चित्रात बघितलेली.

पुढच्या रविवारी माल्कम उभा राहिला. प्रत्येक वेळी खेळ थांबला की उभा. सुरुवातीला बरा खेळला. मग पाठ आवळत गेली, आणि शेवटी तो लाकडी माणसासारखा धावत होता. हातातून दोनदा चेंडू सुटला. लोकांनी उतारावरून शौचाच्या कागदाची गुंडाळी फेकली, ती उलगडत त्याच्या पायाशी आली. त्याने वाकून उचलली, नीट गुंडाळली आणि बाहेरच्या पाणीवाल्याकडे दिली. असा माणूस. मी असतो तर ती कुणाच्या तोंडात कोंबली असती ते सांगायला नको.

सामना संपल्यावर ब्रॅनिगनने त्याला बाजूला घेतलं. "येत्या रविवारी दक्षिणेला कोळसापट्ट्यात जायचंय. शेवटपर्यंत खेळलास तर पहिल्या संघात राहशील, आणि पुढच्या वर्षाचं मी कमिटीत बोलेन. नाही जमलं तर दुसरा संघ, आणि हंगाम संपला की विमान."

घरी नोएलीन त्याच्या पाठीला मलम चोळत होती. मी म्हटलं, "तू बस रे. कोण काय म्हणतं ते मी बघतो."

"तू बघशील आणि मी बाहेर जाईन," तो उशीत तोंड घालून म्हणाला. "डोरीनला काय सांगू? भावाने भांडण जिंकलं?"

"उभा राहून तरी कुठे टिकलास?"

नोएलीन म्हणाली, "अर्नी, तू जरा गप्प बस. उकिडवा बस, पण गप्प बस."

तरी मी ब्रॅनिगनच्या दुकानात गेलोच. चार बायका मटणासाठी उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी त्याला सगळं समजावलं: खाण, थर, पाठ. एवढंच नाही, करून दाखवलं. तिथेच लाकडाच्या भुशावर उकिडवा बसलो.

"ह्यात मला आराम मिळतो," मी खालून म्हटलं.

"मला ह्यात गिऱ्हाइकाची वाट अडलेली दिसते," ब्रॅनिगन वरून म्हणाला. "सॉसेज घ्यायचेत का?"

सॉसेज घेतले. नोएलीनला सांगितलं की बोलणी चांगली झाली.

रविवारी आम्ही डोंगर उतरून समुद्राच्या कडेने कोळसापट्ट्यात गेलो. मैदानाच्या एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला कठडा. मी मीट पाय, म्हणजे इथली खिमा भरलेली कचोरी, आणि टोमॅटो सॉस घेऊन जागा शोधत कठड्यापाशी गेलो आणि थांबलोच. कठड्याला लागून, खेळाडूंच्या बाकापासून पार कोपऱ्यापर्यंत, म्हातारे आणि प्रौढ गडी उकिडवे बसले होते. कुणी सिगारेट वळतोय, कुणी चहा पितोय, टाचा जमिनीला, पाठ सैल. घरी आल्यासारखं वाटलं मला. एकाने न बघता सरकून जागा दिली आणि मी बसलो.

माल्कम आत उभा होता. पूर्वार्ध संपायला आला तोवर त्याने चांगली टक्कर दिली होती, पण मला त्याची कंबर दिसत होती. चेंडू घेताना तो आता वाकत नव्हता, मोडत होता. मग त्यांच्या एका गड्याचा खांदा निखळला आणि खेळ थांबला. डॉक्टर आत आला. सगळे उभे. माल्कम उभा, दात आवळून.

मी कठड्याच्या गजांतून ओरडलो, "माल्कम! इकडे बघ!"

त्याने मान वळवली. मला बघितलं, मग माझ्या शेजारच्याला, मग त्याच्या पलीकडच्याला. नजर पार कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. मग त्याने बाकाकडे बघितलं. ब्रॅनिगन त्याच्याकडेच बघत होता, बोट वर करून, जसं दुकानात कुत्र्याला दाखवावं. माल्कमने एक श्वास घेतला आणि सावकाश खाली बसला.

मैदानात कुणी हसलं नाही. माझ्या शेजारचा म्हातारा ओठातली सिगारेट काढून म्हणाला, "कुठली खाण रे, पोरा?"

"शार्लस्टन!" माल्कम बसल्याबसल्या म्हणाला. "यॉर्कशायर!"

"थर केवढा?"

"कंबरेला!"

"मग बस. बस निवांत."

तिकडे ब्रॅनिगन उठला होता. राखीव पोराचा कोट अर्धा उतरला होता, एक हात बाहीत अडकलेला. ब्रॅनिगन काहीतरी ओरडणार होता, तेवढ्यात म्हाताऱ्याने त्याला हाक मारली.

"ए सिडनीवाले! काय झालं? माणूस बसलेला बघितला नाहीस कधी?"

ब्रॅनिगन वळला. त्याने कठड्याकडे बघितलं. दरवर्षी येत असणार तो त्या मैदानावर, पण खेळाकडे पाठ करून कोण कठडा बघतो? ती सगळी ओळ त्याच्याकडे बघत होती, गुडघ्यांवर कोपर टेकून, अजिबात घाई नसलेली. त्यात मी मीट पाय खात बसलेलो. मी त्याला हात केला. खरं सांगतो, तेवढा मोह मला आवरला नाही.

त्याने राखीव पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

त्यानंतरचं काय सांगू? जेव्हा जेव्हा खेळ थांबला, माल्कम बसला, आणि जेव्हा सुरू झाला, उठला तो खाणीतून लिफ्टचा पिंजरा वर यावा तसा. उत्तरार्धात ते त्याच्याच अंगावर येत राहिले, कारण दमलेला वाटला त्यांना. ब्रॅनिगन म्हणाला होता तसंच झालं ते. फक्त येणारा प्रत्येक जण आडवा झाला. शेवटी त्यांचे पुढच्या फळीतले कमरेवर हात ठेवून उभे होते आणि आमचा माल्कम धावत होता. सामना आम्ही थोडक्यात हरलो. कठड्यालगतच्या म्हाताऱ्यांनी तरी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, बसूनच.

नंतर मी खोलीत गेलो. माल्कम भिंतीला लागून उकिडवा बसला होता, डोक्यावर ओला टॉवेल, हातात संत्र्याची फोड. ब्रॅनिगन आला. तो माल्कमसमोर उभा राहिला, मग त्याच्याशी समोरासमोर बोलावं म्हणून खाली बसायला गेला. टाचा काही टेकेनात. एक हात हवेत, दुसरा पँटला, जाड मान लालबुंद.

"बुधवारी कमिटी आहे," तो म्हणाला, "तिथे मी तुझं..." आणि तसाच मागे कोलमडून फरशीवर बसला.

कुणी हसायची हिंमत केली नाही. माल्कमने त्याला हात दिला, वर ओढलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अर्नी, ह्यांना खुर्ची दे. दमलेत."

पुढच्या वर्षी विमानतळावर डोरीन आणि गेलला घ्यायला आम्ही सगळे गेलो. विमानाला उशीर होता. खुर्च्या भरपूर होत्या. आम्ही दोघं भाऊ भिंतीला लागून बसलो होतो.