रज्जाकभाईंचा अबोला आणि रक्तातली सूज

मी एका आजारी माणसाला त्याच्याच घरात उभं राहून भित्रा म्हटलं होतं.

रज्जाकभाई. मोर्शीचे सुतार.
आज त्यांची बरसी.

संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकायचे. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून आठवड्यातून दोनदा एसटीनं अमरावतीला आमच्या डायलिसिस सेंटरला यायचे. मी तिथे टेक्निशियन. नवीनच लागलो होतो. वय चोवीस, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं.

पहिलं वर्षभर हा माणूस चार-चार तास नुसता बोलायचा.
शेजारच्या बेडवरच्या आजी मशीनला घाबरायच्या. त्यांना म्हणाले, "आजी, हे कपडे धुवाची मशीनच समजा. फक्त वाळू घालत नाही."
आजी हसून हसून दमल्या.

मग ते गप्प झाले.

आधी जोक गेले. मग भूक. मग झोप.
शेवटी "कसे आहात?" याला उत्तरही येईना.

वऱ्हाडातले ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. पेपर उघडायची भीती वाटायची, आज कुठल्या शेतकऱ्यानं जीव दिला असेल. घरात कुणी गप्प बसला की बायका आधी फवारणीचं औषध शेजारी नेऊन ठेवायच्या. मोर्शीकडे बागा वाळल्या होत्या, पेट्या कुणालाच नको होत्या.

त्यामुळे रज्जाकभाई का गप्प आहेत, हे आम्हा सगळ्यांना न विचारताच माहीत होतं.

त्यांच्या बायकोनं, शाहीनभाभींनी, पटाशी आणि करवत माहेरी पाठवून दिली.
मी मशीनशेजारी उभा राहून भाषणं दिली. मन खंबीर ठेवा. पॉझिटिव्ह राहा.

मग ते यायचेच थांबले. लागोपाठ दोन डायलिसिस चुकवली. म्हणजे काय होऊ शकतं हे मला पक्कं माहीत होतं. रविवारी मी मोर्शीची एसटी धरली.

भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाय सुजलेले. दम लागलेला.

"काहून आला?"
"तुमाले न्यायले."
"मले नाही यायचं. थकलो मी, गजू."
"घरच्याईचा तरी इचार करा. एवढे भित्रे असान असं नव्हतं वाटलं मले."

भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.
रज्जाकभाई उठले, सदरा घातला आणि माझ्यासोबत निघाले.

मला वाटलं, मी जिंकलो.

आमच्याकडे अकोल्याहून किडनीचे डॉक्टर यायचे. त्या आठवड्यात त्यांनी फाइल नीट चाळली. रक्त वाढायची इंजेक्शनं चालू होती, तरी हिमोग्लोबिन वाढत नव्हतं. माणूस वाळत चालला होता. त्यांनी सीआरपी तपासायला सांगितली. अंगात कुठं सूज धुमसतेय का, ते त्यात कळतं.

रिपोर्ट खूपच वाढलेला आला. ताप मात्र नव्हता.

डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला लावलं. तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन हिरड्या सडल्या होत्या. तीन दाढांच्या मुळाशी पू. कित्येक महिने त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.
मीही कधी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "सर, पण ते डिप्रेशनमध्ये आहेत. धंदा बसला ना त्यांचा."

"धंदा बसलाच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण डायलिसिसच्या पेशंटच्या अंगात आधीच सूज असते, त्यात ही भर. ती मेंदूलाही सोडत नाही. भूक, झोप, जगायची इच्छा, सगळं खाते. मग माणूस जेवत नाही, डायलिसिस चुकवतो, की सूज अजून वाढते. कशानं काय सुरू झालं हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण नुसतं हिंमत ठेव म्हणून हे बरं होत नाही."



दाढा काढल्या. अँटिबायोटिक झाली. मानसोपचाराच्या डॉक्टरांची गोळी सुरू झाली.
दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी सुई टोचत होतो, हात जरा जोरात पडला, तर म्हणाले,
"हयू बे. लाकूड नोहे ते."

मला रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मशीनच्या मागे गेलो.

परत येऊन माफी मागितली. ते छताकडे पाहत म्हणाले,

"हिंमत होती रे मायाजवळ. पण राखेखाली इस्तो धगत राहते ना, तसं आंगात कायतरी जळून राहिलं होतं. कोणालेच दिसे नाही. तू भित्रा म्हनला, तवा मले वाटलं, खरंच असन."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर पाच महिने मिळाले.

एका दुपारी, डायलिसिस चालू असतानाच, त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी माझे हात धरून थांबवलं, तोवर मी छाती दाबत होतो. वर्षानुवर्षांची सूज हृदयालाही खाते, हे नंतर कळलं.

मय्यतीला मोर्शीला गेलो. भाभी पडद्याआडून म्हणाल्या,

"गजूभाऊ, सकाळी निंघताना मले म्हने, ईदीले घराले रंग देऊ. हिरवा नको, निया आन."

निळा रंग हवा होता त्यांना. भाभी पुढे म्हणाल्या,

"जगावं वाटून राहिलं होतं त्याहिले. तवाच गेले."

रज्जाकभाई, सलाम.
मातीत निवांत राहा.