गप्प हरेश्वरची पाणबुडी

वरळी कोळीवाड्यात इतका गप्प माणूस जगतो कसा, असा प्रश्न हरेश्वरकडे बघून भल्याभल्यांना पडायचा. वय अडुसष्ट, पण त्याने दार लावलं तर कडी वाजायची नाही, ताटात चमचा ठेवला तरी शेजारच्याला कळायचं नाही. आणि बायको कोण? रखमा! दादरच्या मासळी बाजारात चाळीस वर्षं बसणारी, जिची हाक पुलापलीकडे ऐकू जाते ती. ती म्हणायची, "माझा नवरा म्हंजे मांजर. कवा आला, कवा गेला, टोपातल्या माशालाच ठाव!"

याला कारण होतं. हरेश्वर सोळा वर्षं नौदलाच्या डिझेल पाणबुडीवर कानाला हेडफोन लावून बसला होता. पाण्यातला कुठला आवाज कशाचा, हे ओळखायचं त्याचं काम. तिथे हातातून पाना निसटला तरी वरच्या जहाजाला ऐकू जातो, म्हणून सगळे पाय न वाजवता चालायचे. ती सवय त्याच्याबरोबर घरी आली. कामाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, ही दुसरी सवय. त्यामुळे लोकांनी आपापला अंदाज बांधला. पुतण्या निमेश तर तोंडावर विचारायचा, "काका, नौदलात कांदे सोलले काय?" हरेश्वर हसायचा. पण लागायचं हो, का नाही लागणार?

नात किर्ती परळला, जुन्या गिरणीच्या आवारात, गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागली. त्यांचा पाणबुडीचा गेम तिने कौतुकाने आजोबांना दाखवला. हरेश्वरने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ही पाणबुडी हाय का रिक्षा?"

मग तो बोलू लागला. पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. फुल स्पीडला पळवली तर तासाभरात बॅटरीचा खडखडाट, आणि गोगलगायीसारखी नेली तर दोन दिवस पुरते. संपत आली की वर यायचं, हवेची नळी पाण्याबाहेर काढायची आणि डिझेल इंजिन लावून बॅटरी भरायची. नेमकं तेव्हाच मरण, कारण इंजिन बोंबलतं. गुपित त्याने एकही फोडलं नाही, छापील पुस्तकात आहे तेवढंच सांगितलं. पण पाणबुडीत माणसं जगतात कशी, हे सांगितलं. चार महिने दोघं रोज संध्याकाळी बसत होती, आणि किर्तीने ते सगळं गेममध्ये घातलं.

मालक विनीतने ते खेळून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "किर्ती, लपायचं, थांबायचं, ऐकायचं. अगं, झोप येईल लोकांना! काढून टाक सगळं."

किर्तीही कोळ्याची पोर. ती म्हणाली, "रविवारी आजोबांशी खेळ. तुझ्या दोन युद्धनौका आणि त्या राखतील तो एक टँकर, त्यांची एक पाणबुडी. त्यांनी तुझा टँकर बुडवला तर सगळं राहणार. हरले तर मी स्वतः काढते."

घरी हे ऐकलं तेव्हा हरेश्वरने जेवण अर्ध्यावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं की बाबा, तू केलंस तरी काय. आणि आता तेही पुसलं जाणार होतं.

रविवारी दुपारी ऑफिसात शिरताच हरेश्वरने चपला काढल्या आणि पंखा बंद केला.

विनीत हसला. "काका, गेमला पंख्याचा आवाज नाही ऐकू येत."

"मला येतो ना," हरेश्वर म्हणाला.

तेवढ्यात बाजार उरकून रखमा डबा घेऊन हजर. किर्तीने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. रखमा घामाघूम होऊन कोपऱ्यात बसली, आणि काय सांगावं, खरंच गप्प बसली!

विनीतचा हिशेब साधा होता. बॅटरी संपली की म्हातारा वर येणार, इंजिन लावणार आणि सापडणार. खेळातलं घड्याळ साठपट धावत होतं. हरेश्वरने पाणबुडी खोल गार पाण्यात नेली. त्याचा बाप सांगायचा, जाळ्याचा खालचा पदर हाताला गार लागतो, खालचं पाणीच वेगळं. त्या गार थराखाली वरच्या नौकांचे कान पोचत नव्हते. तरी बॅटरी उतरत होतीच. तीस टक्के. वीस. बारा. किर्ती नखं खाऊ लागली.

विनीतने गेममध्ये मासेमारीच्या बारा बोटी सोडल्या होत्या, नुसत्या शोभेला. हरेश्वर मघापासून त्यांच्याकडेच कान देऊन होता. त्या जाळं ओढत होत्या आणि प्रत्येकीचं इंजिन धडधडत होतं. तो अलगद त्यांच्या मधोमध वर आला आणि नळी काढून आपलं डिझेल लावलं. बारा इंजिनांत तेरावं कोण ऐकतो? विनीतच्या दोन्ही नौका जवळून गेल्या. कोळ्यांच्या बोटींकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

बॅटरी भरली. तो परत गार पाण्यात उतरला, टँकरच्या वाटेवर जाऊन थांबला आणि मोटर बंद केली. टँकरच्या पाण्यातल्या पंख्याची घरघर कानात भरली, तसं त्याने हळूच टॉर्पेडोचं बटण दाबलं.

पडदा लाल झाला.

आणि हरेश्वर ओरडला! "रखमा, बुडवला गं! बुडवला!" खाली चहाच्या टपरीवरची माणसं वर बघू लागली. किर्ती रडत रडत त्याच्या गळ्यात पडली. रखमा तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगो बाय, याला आवाज हाय!"

विनीत म्हणाला, "काही काढत नाही, काका. अजून एक डाव? या वेळी पाणबुडी मी घेतो." आणि पठ्ठ्याने वाकून आपले बूट काढले.

रखमाने नवऱ्याला विचारलं, "आता मी बोलू?"

"बोल की," हरेश्वर म्हणाला. "सगळ्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी दादरच्या बाजारात गिऱ्हाइकांना पापलेटचा भाव नंतर कळला. रखमाचा नवरा पाणबुडीत सोळा वर्षं काय करत होता, ते आधी कळलं.