अजून एक महिना थांब

मी नर्स आहे. इस्लामपूरच्या एका खासगी दवाखान्यात बारा वर्षं वॉर्ड सांभाळते. म्हातारा पेशंट आला की सलाईन लावायच्या आधी मी त्याला विचारते, "आजोबा, आज वार कोणता? गाव कुठलं तुमचं? ही शेजारी कोण उभी आहे?" उत्तर चुकलं की फाईलवर तशी नोंद करते आणि डॉक्टरांच्या कानावर घालते. दिवसातून चार-पाच वेळा तरी हे करते. आणि हीच बाई एकोणीस महिने एका म्हाताऱ्या माणसासमोर जाऊन बसली नि तिला काही म्हणता काही कळलं नाही. आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आमचं घर कॅथलिक. आजोबा नगरकडून साखर कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. आजूबाजूला सगळी ऊसवाल्या शेतकऱ्यांची घरं, मध्ये आमचं एक, दारावर क्रूस लावलेलं. वडील गेले, भाऊ फौजेत, घरी आई आणि मी. मला सिस्टर व्हायचं होतं, दवाखान्यातली नव्हे, मठातली. शाळेत असल्यापासून मनात हे एवढंच होतं, पण तोंडातून कधी निघालं नाही. स्थळ आलं की मी खुसपट काढायची. याचे दात पुढं आहेत, तो फोनवर लय बोलतो. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "आवं, तुमच्या पोरीला राजपुत्र आणायचा हाय का काय?" आई हसायची, पण तिचं तोंड उतरायचं.

बोलले नाही, कारण भीती होती. देवानं बोलावणं धाडलं तर त्याला आम्ही पाचारण म्हणतो. पण बोलावणं खरंच आलंय, की लग्नाला घाबरून आपणच आपल्याला हाक मारतोय, हे कसं ओळखायचं? ते एकट्यानं ठरवायचं नसतं. जाणत्या फादरांकडे महिन्याच्या महिन्याला जायचं, मन उघडं करायचं आणि ते सांगतील तसं वागायचं, ही आमच्यातली रीत. तेहतीस उलटली तेव्हा एक दिवस हिय्या केला आणि साताऱ्याला सिस्टरांच्या मठात जाऊन आले. तिथल्या मोठ्या सिस्टर प्रेमानं बोलल्या. म्हणाल्या, "आमच्यात पस्तीस पूर्ण व्हायच्या आत यावं लागतं. आधी मार्गदर्शन घे. तू तयार आहेस असं त्या फादरांनी पत्र दिलं, की ये."

फादर कोण, हा प्रश्नच नव्हता. सांगलीच्या चर्चच्या आवारात मागच्या बाजूला एका खोलीत आमचे जुने फादर राहायचे. निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे. माझा बाप्तिस्मा त्यांनीच केला, वडिलांना मातीही त्यांनीच दिली. पंचक्रोशीत कुणाचं काही अडलं तर लोक त्यांच्याकडेच जायचे.

महिन्याचा पहिला शनिवार ठरला. सकाळची ड्यूटी बदलून घ्यायची, इस्लामपूरहून एसटी धरायची, आष्ट्याला दहा मिनिटं थांबायचं, सांगलीला उतरून चालत जायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, हात जोडले आणि विचारलं, "बाळ, बाप्तिस्मा कुठं झाला तुझा?"

"सांगलीला, फादर. तुमच्याच हातून."

"असं का! छान, छान."

मग आई आहे का, कामधंदा काय, जपमाळ रोज होते का, असं एकेक विचारलं. मी पोटातलं सगळं ओतलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. असं ऐकणारं माणूस मला आयुष्यात भेटलं नव्हतं. रडूच आलं मला. शेवटी म्हणाले, "घाई करू नकोस. एक महिना थांब. तळ्याकाठी जाळी टाकून येशूमागं निघालेल्या कोळ्यांचा बायबलातला उतारा रोज वाच. आणि हे कुणापाशी बोलायचं नाही. आईपाशीसुद्धा नाही. बोललं की त्यातली वाफ जाते."

घरी येताना मी बसमध्ये एकटीच हसत होते.

दुसऱ्या महिन्यात गेले. "बाळ, बाप्तिस्मा कुठं झाला तुझा?" मला वाटलं, परीक्षा बघतायत. पुन्हा सगळं सांगितलं. पुन्हा डोळे मिटून ऐकलं. पुन्हा तेच कोळी, तीच जाळी, एक महिना थांब, कुणाला बोलू नकोस. तिसऱ्या महिन्यातही तेच. मनात यायचं, अगं बाई, हे किती खोल शिरवतायत मला! एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, म्हणजे खोटं असेल ते गळून पडावं. मठात गेल्यावर आज्ञापालनाचं व्रत घ्यावं लागतं. मी म्हटलं, आत्तापासूनच सवय लागलेली बरी. आता लिहिताना वाटतं, एक थोबाडीत द्यावी त्या शहाण्या पोरीच्या.

ते कोळी तर हाक आल्याबरोबर जाळी टाकून निघाले होते. एकोणीस महिने रोज वाचला तो उतारा. मी मात्र थांबले.

घरी आई विचारायची, "सांगलीला कशाला जातीस गं सारखी?" मी म्हणायची, "फादरांना भेटायला." ती भाकरी थापायला लागायची. चर्चच्या आवारात लोक कौतुक करायचे. तिथले तरुण फादर एकदा म्हणाले, "तुमच्यासारखं कोण येतं हल्ली म्हाताऱ्या माणसाकडे!" स्वयंपाकाच्या मावशी चहा द्यायच्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. मला वाटायचं, यांना माझ्या मनातलं कळलंय. पाचारण झालेल्या पोरीकडे लोक असंच बघत असतील.

सतराव्या शनिवारी मी पत्राचं काढलं. पस्तीस पूर्ण व्हायला सहा आठवडे उरले होते. "फादर, साताऱ्याच्या सिस्टरांना तुमचं पत्र हवंय." ते म्हणाले, "हो हो, लिहितो की. पुढच्या वेळी घेऊन जा." त्या महिन्यात मी दोन पांढऱ्या साड्या घेतल्या आणि कपाटात खाली लपवून ठेवल्या. अठराव्या शनिवारी ते म्हणाले, "पत्र? कसलं पत्र? बाळ, घाई करू नकोस. एक महिना थांब."

मी पाया पडून उठले. म्हटलं, ही शेवटची परीक्षा. त्यांना माहीत आहे ते काय करतायत ते. दोन दिवस उशीर झाला म्हणून काय, त्यांनी शब्द टाकला तर सिस्टर नाही म्हणणार नाहीत. वाढदिवस येऊन गेला. आईनं शिरा केला, तो मी तसाच ठेवला.

एकोणिसाव्या शनिवारी मी जाऊन बसले. ते हसले, हात जोडले. "बाळ, बाप्तिस्मा कुठं झाला तुझा?"

माझा तोल गेला. "फादर, पुरे झालं आता! किती वेळा सांगू? पस्तीस झाली मला!" ते दचकले. लहान मूल घाबरतं तसे घाबरले आणि दाराकडे बघायला लागले. मला माझीच लाज वाटली. तडक उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडायला लागले.

मावशी भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं ताई, त्यांचं काय मनावर घेता? त्यांस्नी काय ठावं हाय? तुमी गेला की दर बारीला मला इचारत्यात, ही पोर कोन हुती?"

"कधीपासून?"

"दोन वरसं तर झालीच की. सकाळी जेवल्यालं दुपारी आठवत न्हाई."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

मावशींचा हात थांबला. "आमास्नी वाटलं, तुमाला ठावं हाय. नर्सबाई तुमी. आमी म्हनायचो, बगा किती गुनाची पोर, खुळ्या म्हाताऱ्याची इचारपूस करायला एवढ्या लांबनं येती."

मी तिथंच खाली बसले. वॉर्डातले सगळे म्हातारे डोळ्यांपुढून गेले. वार विसरलेले, बायकोचं नाव विसरलेले, पण रामरक्षा एका दमात म्हणणारे. जन्मभर तोंडात बसलेलं शेवटपर्यंत राहतं, हे मी रोज बघते. फादरांनी जन्मभर माणसांना 'थांब, घाई करू नकोस' म्हणूनच सांगितलं असणार. तेवढं राहिलं होतं आणि मी त्याला देवाचा शब्द समजून बसले होते. त्यांना एकदा, फक्त एकदा, 'फादर, आज वार कोणता?' असं विचारलं असतं तर? पण फादरांना असलं कोण विचारतं? पेशंटला विचारतात.

तरुण फादरांना गाठलं, सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मला एक शब्द बोलला असतात तर पाच मिनिटांत पत्र दिलं असतं." त्यांनी लगेच बसून पत्र लिहिलंही. ते घेऊन मी सोमवारी साताऱ्याला गेले. मोठ्या सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण नियम वरून आलेला. "घरी राहूनही देवाची सेवा करता येते, बाळा," त्या म्हणाल्या. मला ओरडावंसं वाटलं, की ते मला ठाऊक आहे, बारा वर्षं तेच करतेय. मी "हो सिस्टर" म्हटलं आणि स्टँडवर आले. आणखी दोन मठांत विचारून बघितलं. एका ठिकाणी तीसच वर्षांची अट, दुसऱ्या ठिकाणी फोनवरच नाही म्हणाले.

मग आईला सांगितलं. पांढऱ्या साड्या काढून तिच्यापुढं ठेवल्या. तिनं एका साडीचा काठ चिमटीत धरला.

"मला का बोलली न्हाईस?"

"फादरांनी नको म्हणून सांगितलं होतं."

"त्यांचं डोकं फिरल्यालं मला ठावं हुतं. ईस्टरला त्यांनी एकाच रांगेवर दोनदा तीर्थ शिंपडलं. तू त्या दिवशी ड्यूटीवर हुतीस. मी म्हटलं, तुला सांगून कशाला तुझा जीव दुखवायचा." मग ती साडीकडे बघूनच म्हणाली, "मी काय तुझा हात धरला असता व्हय गं? जा म्हटलं असतं. रडले असते, पर जा म्हटलं असतं."

मला तिचा राग आला, माझा आला, देवाचा तर आलाच. ज्या एका माणसानं मला एका वाक्यात जागं केलं असतं, ते माणूस त्याच घरात रोज माझ्या ताटात भाकरी वाढत होतं. पण सगळ्यात जास्त राग त्या म्हाताऱ्याचा आला. आजारी माणसावर रागवू नये, हे मी वॉर्डात नातेवाईकांना शिकवते. मला स्वतःला ते जमेना.

पुढच्या पहिल्या शनिवारी मी पुन्हा एसटी धरली. भांडायला. कळो न कळो, त्यांच्या तोंडावर सांगायचं, की फादर, तुम्ही माझं वाटोळं केलंत. आष्ट्याला बस थांबली तेवढ्यात सगळी वाक्यं जुळवून ठेवली.

ते खिडकीपाशी बसले होते. स्वेटरची बटणं वर-खाली लागली होती. मला बघून हसले, हात जोडले. "बाळ, बाप्तिस्मा कुठं झाला तुझा?"

आणि मी, भांडायला आलेली मी, सवयीनं सांगत गेले. सांगलीला. तुमच्याच हातून. आई आहे. नर्स आहे. जपमाळ रोज होते. लहानपणापासून सिस्टर व्हायचंय, फादर, पण हे बोलावणं खरं की खोटं ते मला कळत नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मी 'एक महिना थांब'ची वाट बघत होते, ते झालं की बोलायचं म्हणून.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट बघितलं. एवढ्या महिन्यांत तसं बघितलं नव्हतं.

"बाळ, हे तर अगदी खरं बोलावणं आहे," ते म्हणाले. "यात शंका कसली? मग इथं काय करतेस? जा. आजच्या आज जा." आणि जरा रागावूनच म्हणाले, "एवढे दिवस तुला थांबवलं कुणी?"

जुळवून आणलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी खाली वाकून त्यांची बटणं नीट लावली.

"कुणी नाही, फादर."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मग हात काढला, माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि हसून म्हणाले, "बाळ, बाप्तिस्मा कुठं झाला तुझा?"